पाठीच्या ऑपरेशननंतर पुन्हा रनिंग सुरू केलेलं कोणी आहे का?

पांदणवाट | १० मार्च, रात्री ९.४०

सर्वांना नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. वय ४१. घरची चार एकर शेती आहे, कापूस आणि तूर.

नऊ वर्षं मी रोज पहाटे धावत होतो. सुरुवात स्वतःसाठी केली नव्हती. गावातली पोरंपोरी पोलीस भरतीची तयारी करायची आणि त्यांची वेळ घ्यायला कोणी नव्हतं. मी घड्याळ घेऊन मैदानात उभा राहायचो. पुढे त्यांच्यासोबत दोन राउंड मारू लागलो. ती पोरं भरती होऊन गेली, नवी आली, माझं धावणं मात्र सुटलं नाही. शाळेपासून पांदणीनं नाल्यापर्यंत अडीच किलोमीटर, तेवढंच परत. रविवारी दुप्पट.

मागच्या जूनमध्ये ट्रॉलीतून डीएपी खताचं पोतं उतरवताना कमरेत काहीतरी तुटल्यासारखं झालं. दोन दिवसांनी उजव्या कुल्ल्यापासून पायाच्या करंगळीपर्यंत कळ सुरू झाली. गोळ्या, पट्टा, शेक, सगळं केलं. एमआरआयमध्ये एल-५ एस-१ ची, म्हणजे कमरेच्या शेवटच्या मणक्याखालची गादी फुटून नसेवर आलेली दिसली. सप्टेंबर संपता संपता उजवी टाच उचलता येईना, चालताना पायातली चप्पल मागे राहायची. ऑक्टोबरमध्ये नागपूरला ऑपरेशन झालं. फुटलेला तुकडा काढला, स्क्रू-रॉड काही टाकलेलं नाही. पायातली कळ दुसऱ्याच दिवशी गेली.

आज पाच महिने झाले. सकाळी ५ किलोमीटर चालतो. करंगळी अजून बधिर आहे. शेवटच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "आता हळूहळू सगळं करा." मी धावण्याचं विचारलं तर म्हणाले, "हो, हळूहळू." एवढ्यावर पुढचा पेशंट आत आला.

हे हळूहळू म्हणजे नेमकं कसं करायचं? पहिल्या दिवशी किती धावायचं? थोडं दुखलं तर थांबायचं की ते चालतं? आमच्याकडे पांदण, मुरमाचा रस्ता, डांबरी आणि गावातला सिमेंट रस्ता एवढंच आहे, त्यातलं कोणतं बरं? आई आणि बायको दोघी म्हणतात, आता धावायचं नाव काढू नका. पहाटे पोरं घरावरून धावत जातात. त्यांच्या पायांचा आवाज आला की मी जागाच असतो.

वऱ्हाडी_गडी | १० मार्च, रात्री १०.१५

गुरुजी, मले आधी हे सांगा, तुमी पोतं उचलून रायले का अजून? रनिंगचं मंग पाहू. माह्या साळ्याचं हेच ऑपरेशन झालं. तीन महिन्यात डवऱ्याच्या औतामांगं गेला अन् गादी पुन्हा सरकली. तो तं आयुष्यात कधी धावला नाई. धावल्यानं नाई भाऊ, डवऱ्यानं सरकली.

जुना_पोस्टमन | ११ मार्च, सकाळी ७.०५

मास्तर, मी ६८ वर्षांचा आहे. ३१ वर्षं सायकलवर टपाल वाटलं, बुलढाणा जिल्ह्यात. ५९ व्या वर्षी मणक्यात स्क्रू टाकले. तुमच्या ऑपरेशनपेक्षा ते मोठं, हे मला कळतं. तरी मोठ्या भावाच्या नात्यानं सांगतो, धावू नका. देवानं दुसऱ्यांदा पाय दिले आहेत, त्यांनी चाला. चालण्यात काय कमी आहे? मी रोज सहा किलोमीटर चालतो, बाजार करतो, नातवाला शाळेत सोडतो. गादी ही झिजणारी वस्तू आहे. बैलगाडीच्या चाकाला जेवढे हादरे, तेवढा आरा लवकर ढिला होतो.

सातपुडा | ११ मार्च, दुपारी १.३०

पांदणवाट दादा, मी परतवाड्याचा. तुमचीच कहाणी, फक्त डावा पाय आणि एक मणका वर, एल-४ एल-५. माझी टाच ठीक होती, अंगठा वर उचलता येत नव्हता. चालताना पाऊल फरशीवर फटकन पडायचं. ऑपरेशनला साडेतीन वर्षं झाली. आज आठवड्यातून चार दिवस धावतो, वर्षातून एकदोनदा चिखलदऱ्याच्या घाटात चढ मारतो.

पण माझी पहिली सुरुवात फसली होती, ती आधी सांगतो. ऑपरेशननंतर दहाव्या आठवड्यात अंग हलकं वाटत होतं. एका सकाळी चालता चालता धावलो, सरळ तीन किलोमीटर. धावताना काही दुखलं नाही. घरी येऊन अंघोळ केली, नाश्ता केला, दुकानात गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवरून उठलो आणि पिंढरीत तीच जुनी कळ. मी रडलो. पुन्हा एमआरआय केला. गादी जागेवर होती, नस फक्त चिडली होती. तीन आठवडे गेले निवायला.

धावताना शरीर गप्प राहतं, दुसऱ्या दिवशी सकाळी बोलतं. म्हणून मी वहीत फक्त दुसऱ्या दिवशीची सकाळ लिहायचो. पाय कसा आहे, मोजे घालताना कसं वाटतं, शिंकलो तर कळ येते का. ती वही दीड वर्ष चालवली.

दुसऱ्या वेळी पाचव्या महिन्यात सुरू केलं. एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. एक दिवस आड. धावणं म्हणजे शेजारून कोणी चालत गेलं तरी पुढे निघून जाईल इतकं सावकाश. लोक बघतात, बघू द्यायचं.

कापूस_वेचणी | ११ मार्च, रात्री ८.५०

मी इथे बहुतेक वाचतेच, लिहीत नाही. पण वरचं वाचून राहवलं नाही.

माझं ऑपरेशन झालेलं नाही. गादी मात्र दोन ठिकाणी बाहेर आहे, एमआरआयचा कागद कपाटात आहे. डॉक्टर म्हणाले वाकू नका, वजन उचलू नका. मी वेचणीला जाते. कमरेला ओटी बांधायची, वाकून वाकून बोंडं वेचायची, ओटी भरत जाते तसं सगळं वजन पुढे ओढतं. मजुरी किलोवर मिळते, म्हणून ओटी लवकर रिकामी करायला कोणी जात नाही. संध्याकाळी गाठोडं डोक्यावर. आमच्या गावात पन्नाशीच्या किती बाया सरळ उभ्या राहतात ते मोजा.

गुरुजींनी धावू नये असं मी म्हणत नाही. धावा. माझी मुलगी रोज पहाटे धावते, तिला पोलीस व्हायचं आहे. तिला असाच कोणी गुरुजी घड्याळ घेऊन उभा आहे. एवढंच म्हणायचं होतं की पाठीवरून धावण्याची चर्चा होते तशी वाकून करायच्या कामाचीही व्हावी.

फिजिओताई | १२ मार्च, सकाळी ६.४५

मी वर्ध्याजवळ फिजिओथेरपिस्ट आहे. सोळा वर्षं याच दुखण्याची माणसं बघते, त्यातली निम्मी तरी शेतातून आलेली. गुरुजींना उत्तर देते, पण आधी कापूस_वेचणी ताईंना. ताई, ओटी निम्मी भरली की रिकामी करा, मग मजुरी दोन रुपयांनी कमी पडली तरी चालेल. वाकताना गुडघे थोडे मोकळे सोडा, दर तासाला दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून मागे झुका. तुम्ही पुढे वाकण्याचं काम दिवसभर करता, म्हणून तुमचा व्यायाम मागे वाकण्याचा. पालथं झोपून कोपरांवर छाती उचलणं, सकाळ-संध्याकाळ दहा वेळा. पायातली कळ वर सरकून कमरेकडे येत असेल तर व्यायाम लागू पडतोय. कळ खाली पायात उतरत असेल तर थांबवा आणि दाखवायला या.

आता गुरुजी. तुमची दबलेली नस एस-१. ही पोटरीला ताकद देते, म्हणून टाच उचलेना आणि चप्पल निसटत होती. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या दोन ते तीन पट भार एका पायावर येतो, तो झेलण्यात आणि पुढे ढकलण्यात पोटरीचा मोठा वाटा. म्हणून पाच महिने झाले की चार, हे मी विचारत नाही. मी एकच विचारते: भिंतीला बोट टेकवून एका पायावर उभं राहून टाच किती वेळा पूर्ण उचलता येते? डाव्यानं मोजा, मग उजव्यानं. इथे लिहा.

जुना_पोस्टमन काकांच्या चाकाबद्दल. काका, चाक झिजतं कारण ते लाकूड आहे, त्याला खाणंपिणं नाही. गादी जिवंत आहे. मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळपास नसतात, तिला पाणी आणि पोषण शेजारच्या हाडातून झिरपून मिळतं, आणि त्या झिरपण्याला दाब पडणं-सुटणं मदत करतं. रात्री आडवं झोपलं की ती पाणी पिऊन फुगते. सकाळी आपली उंची एखाद सेंटिमीटर जास्त भरते ती त्यामुळेच. म्हणून उठल्यावर पहिला तासभर खाली वाकून काही उचलायचं नाही, फुगलेल्या गादीवर ताण जास्त येतो. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी नियमित धावणाऱ्यांच्या आणि न धावणाऱ्यांच्या गाद्या एमआरआयवर ताडून पाहिल्या. धावणाऱ्यांच्या गाद्यांत पाणी जास्त होतं. पण ती सगळी निरोगी माणसं होती, ऑपरेशन झालेली नव्हती. त्यामुळे हे तुमच्यासाठी सर्टिफिकेट समजू नका, फक्त धावणं म्हणजे झीजच हा समज सोडा.

पांदणवाट | १२ मार्च, रात्री ९.१०

ताई, मोजलं. डावा २६. उजवा ७, आणि सातवी अर्धीच.

मला वाटलं होतं पाय बरोबर झाला आहे. चालताना काहीच जाणवत नाही. आई समोर बसली होती, तिनंही बघितलं. काही बोलली नाही.

वऱ्हाडी_गडी भाऊ, पोतं उचलत नाही. पण खरं सांगतो, जानेवारीत तुरीवर दोनदा फवारणी मीच केली.

फिजिओताई | १२ मार्च, रात्री १०.००

सात म्हणजे अजून धावायचं नाही. उजवा वीसच्या पुढे गेला की सुरू करू. निराश होऊ नका, हे भरून येण्यासारखं आहे. रोज तीन वेळा, जमेल तितक्या टाचा, शेवटच्या दोन जड गेल्या पाहिजेत. दोन्ही पायांवर वर जा, एकट्या उजव्यावर सावकाश खाली या. सोबत कुशीवर आडवं होऊन कोपरावर अंग उचलणं, आणि हातगुडघ्यांवर राहून समोरचा एक हात व विरुद्ध पाय लांब करणं. कमरेच्या पट्ट्याला आता सुट्टी द्या, पोटापाठीचे स्नायू हाच तुमचा पट्टा.

फवारणीचं वाचून मात्र मी कपाळाला हात लावला. १६ लिटरचा पंप म्हणजे १६ किलो पाणी, वर पंपाचं वजन, आणि चिखलात तोल सांभाळत चालणं. धावण्याची भीती वाटते आणि याची वाटत नाही, असं कसं हो गुरुजी?

वऱ्हाडी_गडी | १२ मार्च, रात्री १०.२०

तेच म्हणून रायलो मी! पंप निम्मा भरा, आठ लिटर. चकरा दुप्पट होतात, होऊ द्या. पंप बांधावर ठेवून बसूनच पाठीवर घ्या, जमिनीवरून वाकून नाई उचलाचा.

दूरगाववाला | १३ मार्च, दुपारी ३.३०

मूळचा दारव्हा भागातला, आता पुण्यात. पांदण हा शब्द वाचून पोटात कालवलं. आमच्या पांदणीच्या दोन्ही बाजूंना हिवर आणि बोरी होत्या, बैलगाडीच्या चाकोऱ्या इतक्या खोल की पावसाळ्यात त्यात बेडकं. तिथं धावणं म्हणजे पाय मुरगळणारच. दादा, चाकोरीत धावू नका, मधल्या गवताच्या पट्टीवरून धावा.

ताडोबा_बफर | १३ मार्च, सायंकाळी ६.१५

रस्त्यांचा विषय निघाला म्हणून. आमच्याकडे पहाटेचं धावणंच बंद करावं लागलं. चंद्रपूर जिल्हा, गावाच्या मागे जंगल. मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचायला माणसं उजाडायच्या आधी जातात, खाली वाकून वेचतात, आणि वाघाचे हल्ले बरेचदा तेव्हा होतात. वनखातं दरवर्षी दवंडी देतं की अंधारात जाऊ नका, एकटे जाऊ नका. आमची भरतीची पोरं आता सूर्य वर आल्यावर शाळेच्या मैदानालाच चकरा मारतात. २०० मीटरचं मैदान, १६०० साठी आठ चकरा. कंटाळवाणं आहे, पण पाठीसाठी मैदान बरं: मऊ, सपाट, आणि दुखलं तर घर समोर.

सातपुडा | १३ मार्च, रात्री ९.००

मैदानाला माझंही मत. फक्त एकाच दिशेनं चकरा मारू नका, वळणावर आतल्या पायावर वेगळा भार येतो. दोन चकरा उजवीकडून, दोन डावीकडून.

डांबरी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. कडेनं धावलं की एक पाय सतत खाली पडतो आणि कंबर तिरकी राहते. मला हे धावायला लागल्यावर चौथ्या महिन्यात कळलं, जेव्हा फक्त डावीकडची कंबर धरायला लागली. गावातला सिमेंट रस्ता सपाट आहे पण टणक. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, भेगेत टाच अडकते. म्हणून मैदान, नाहीतर मुरमाचा रस्ता. आणि पावलं छोटी टाका. लांब ढांग टाकली की टाच पुढे आपटते आणि हादरा वर चढतो.

उसण_उतारा | १४ मार्च, सकाळी ११.००

आमच्या आजोळी उसण भरली की पायाळू माणसाला बोलावत. जो पायाकडून जन्मला तो पायाळू. त्यानं कमरेला तीन वेळा पाय लावायचा की उसण उतरली. माझी मावशी पायाळू होती, दिवाळीत माहेरी आली की अंगणात रांग लागायची. तिला चहा मात्र प्रत्येक घरी मिळायचा.

फिजिओताई | १४ मार्च, दुपारी १२.२०

मावशींना नमस्कार. साधी उसण सात-आठ दिवसांत आपली आपण उतरते, म्हणून मावशींना यशही येत असणार. पण ऑपरेशन झालेल्या पाठीला कोणाचा पाय लावून घेऊ नका, चोळणाऱ्याकडून नस 'बसवून' घेऊ नका. गादी फुटून नस दाबते हे १९३४ साली मिक्स्टर आणि बार या अमेरिकन डॉक्टरांनी नीट दाखवून दिलं. त्याआधी जगभर अंदाजच होते, आपल्याकडे वात म्हणत. आता कारण ठाऊक असताना अंदाजावर पाठ सोपवायची नाही.

आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवा: लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायची जागा, मांड्यांचा आतला भाग बधिर झाला, किंवा पाऊल एकाएकी लुळं पडलं, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं. सकाळची वाट बघायची नाही. उशिरा आलेल्यांची लघवीवरची ताकद कायमची गेलेली मी पाहिली आहे.

शेवटचा_राउंड | १७ मार्च, रात्री ११.४५

सर, ताई, माझं वय २२. भंडारा जिल्हा. गादीचं ऑपरेशन होऊन सात आठवडे झाले. दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी केली. मैदानी चाचणीत ५० पैकी २० गुण १६०० मीटरला आहेत, ते गेले तर काही उरत नाही. मैदान दोन महिन्यांत लागेल असं सगळे म्हणतात. मी पुढच्या आठवड्यात सुरू केलं तर चालेल का? घरी बाबांना सांगितलेलं नाही की मी पुन्हा धावायचा विचार करतोय.

फिजिओताई | १८ मार्च, सकाळी ६.३०

नाही बाळा. सात आठवड्यांत गादीचं भोक भरलेलं नसतं. १६०० मीटर पूर्ण जोरानं आणि वर गोळाफेक, म्हणजे कंबर पिळून झटका. या ऑपरेशननंतर शंभरातल्या पाच ते पंधरा जणांची गादी त्याच जागी पुन्हा सरकते, आणि घाई करणारे त्यात मला जास्त दिसतात.

पांदणवाट | १८ मार्च, सकाळी ७.१५

शेवटचा_राउंड, मी तुझ्या वयाच्या पोरांची नऊ वर्षं वेळ घेतली आहे. एक भरती हुकली म्हणून रडलेले माझे चार विद्यार्थी पुढच्या भरतीत लागले. पाठ हुकलेला मात्र कुठेच लागत नाही. ही वेळ सोडून दे. लेखी परीक्षेचा अभ्यास खाटेवर पालथं पडूनही होतो, तो आत्ता कर. वैद्यकीय तपासणीत ऑपरेशन लपवायचं नाही, टाक्यांची खूण दिसतेच. आणि बाबांना सांग. आज सांग.

मी तुझ्यापेक्षा १९ वर्षांनी मोठा आहे आणि मलाही ताईंनी थांबवलं आहे. आपण दोघं टाचा मोजू. माझी आजची उजवी ९.

शेवटचा_राउंड | १८ मार्च, रात्री १०.३०

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, मला माहीत होतं, तू बूट धुवून वाळत घातले होते.

टाच डावी ११, उजवी २४.

जुना_पोस्टमन | १९ मार्च, सकाळी ६.५०

पोराच्या बापाचं वाचून डोळे भरले. तुम्ही सगळे टाचा मोजताय ते चांगलं आहे. माझं मत तेच आहे, तरी मोजत राहा.

मीही मोजल्या. १४ आणि १३. या वयात बऱ्या म्हणायच्या का ताई?

फिजिओताई | १९ मार्च, सकाळी ९.००

काका, या वयात आणि स्क्रू असताना उत्तम. पोस्टाच्या सायकलीनं पोटऱ्या कमावल्यात.

तेंदूपान | २० मार्च, दुपारी २.१०

गडचिरोलीहून. आमच्याकडे पाठीच्या दुखण्याचं प्रमाण खूप. तेंदूपत्त्याच्या दिवसांत दिवसभर वाकून पानं तोडायची, मग बसून पुडे बांधायचे, धानाची रोवणी तर पूर्ण वाकूनच. इथे 'सर्च' संस्थेनं गावांमधल्या पाठदुखीवर काम केलं आहे. मुंबईचे मणक्याचे सर्जन शोधग्रामला येऊन तपासतात, ऑपरेशनही करतात. माझ्या मोठ्या वहिनींना त्याचा उपयोग झाला. ज्यांना नागपूर गाठणं जमत नाही त्यांनी चौकशी करावी.

आणि एक कळकळीची विनंती. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, सोडा. वहिनींच्या वेळी डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला होता. तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हाड जुळायला उशीर होतो, गादीला जे थोडंफार पोषण मिळतं तेही कमी होतं. आमच्याकडे शाळकरी पोरांच्या खिशात खर्रा असतो.

वऱ्हाडी_गडी | २० मार्च, रात्री ९.३०

खर्र्याचं बोलले ते बरं केलं. माह्या साळ्याचं दुसरं ऑपरेशन झालं तवा त्यानं सोडला. पयल्याच्या वेळी सोडला असता तं बरं झालं असतं.

पांदणवाट | २६ एप्रिल, सकाळी ८.००

बरेच दिवस लिहिलं नाही. उजवी टाच १८ वर आली आहे. ऊन इतकं आहे की सकाळी साडेसातलाच रस्ता तापतो. चालणं ४.४५ ला उरकतो. आई दारात टॉर्च घेऊन बसते, मी परत येईपर्यंत. तिला म्हटलं झोप, तर म्हणते, कुत्री असतात.

शेवटचा_राउंड | २६ एप्रिल, रात्री ९.००

सर, माझी १९! मी पुढे आहे.

सातपुडा | २७ एप्रिल, सकाळी ७.२०

दादा, घाई नको. पुढचा महिना नवतपाचा, आमच्या भागात पारा ४५ च्या वर जातो. त्यात नवं काही सुरू करायचं नाही. अंगातलं पाणी कमी पडलं की पायात गोळे येतात, आणि मग गोळा कोणता आणि नसेची कळ कोणती हे ओळखता येत नाही. मृगाचा पहिला पाऊस पडू द्या.

कापूस_वेचणी | ९ मे, रात्री ८.१५

कोपरांवर छाती उचलायचा व्यायाम दोन महिने केला. कळ गुडघ्याच्या वर आली आहे, खाली उतरत नाही. शेजारच्या तिघींना शिकवला. आता चौघी जणी दुपारी भाकर खाऊन झाली की बांधावर पोतं अंथरून पालथ्या पडतो. मुकादम आधी हसला. मग त्यानंच विचारलं, माझीपण कंबर धरते, मी करू का?

पांदणवाट | १६ जून, सकाळी ७.३०

सर्वांना सांगायचं आहे.

उजवी टाच २२ झाली. परवा रात्री पाऊस आला. आज पहाटे शाळेच्या मैदानात गेलो. पोरं आधीच आली होती. एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, आठ वेळा. वेळ एका मुलीनं घेतली. नऊ वर्षांपूर्वी मी घ्यायचो तशीच ओरडून सांगायची: "सर, सुरू! सर, चाला!"

पहिल्या मिनिटाला काही कळलंच नाही, सगळं लक्ष कमरेवर होतं. तिसऱ्या मिनिटाला ओल्या मातीचा वास आला. पाचव्या मिनिटाला लक्षात आलं की मी पायाबद्दल विचार करत नाही. आठ मिनिटं एकूण. मी २० किलोमीटरही धावलो आहे, पण ही आठ मिनिटं मला आठवत राहतील.

घरी आलो तर आई दारात. तिनं बूट बघितले, चिखल बघितला. म्हणाली, "बूट बाहेर काढ," आणि आत चहा ठेवायला गेली.

सातपुडा दादा, वही आणली आहे. उद्याची सकाळ लिहीन.

जुना_पोस्टमन | १६ जून, सकाळी ८.१०

मास्तर, अभिनंदन. माझं मत अजून तेच आहे. आज मात्र दोन मिनिटं भरभर चाललो.

पांदणवाट | १७ जून, सकाळी ६.२०

कंबर थोडी जड, पायात कळ नाही. शिंकून बघितलं, काही नाही. मोजे घालताना ताण आहे, तो कालही होता. आज विश्रांती.

पेरणी तोंडावर आहे. खताची पोती या वेळी भावाच्या मुलानं उतरवली. मी बांधावर उभा राहून फक्त मोजली.

सातपुडा | १७ जून, सकाळी ८.४५

जड म्हणजे स्नायूंचं. चालेल. दोन आठवडे हेच करा, मग मिनिटाचे दीड मिनिट. वेग दिवाळीपर्यंत वाढवायचा नाही, उतारावर धावणं त्याच्याही नंतर.

मुरमाचा_रस्ता | २ ऑगस्ट, रात्री १०.५०

हा धागा पूर्ण वाचला. मी वाशिम जिल्ह्यातली, वय ३४. गादीचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले. लग्नाआधी कॉलेजकडून धावायचे, नंतर सुटलं, आता मुलगा मोठा झाल्यावर परत सुरू केलं होतं तोच हे झालं. घरात कोणाला विचारायची सोय नाही, धावणं म्हटलं की सगळे गप्प होतात. मी कुठून सुरू करू?

पांदणवाट | ३ ऑगस्ट, सकाळी ५.५५

ताई, आत्ताच मैदानातून आलो, तीन मिनिटं धावणं एक मिनिट चालणं असं चालू आहे. तुमचं सांगा. कोणता मणका, कोणता पाय? बधिरपणा कुठे आहे, अंगठ्याकडे की करंगळीकडे? आणि भिंतीला एक बोट टेकवून टाचा मोजा. आधी चांगल्या पायानं.